नव्या पिढीची मोबाइल जाळी आणि सरकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

५जी आलं, ६जी येणार, अशा बातम्यांमध्ये कंपन्यांची नावं ठळक असतात आणि सरकार फक्त उद्घाटनाच्या फोटोत दिसतं. पण जाळं किती लवकर आणि किती दूरवर पोचणार, याचा बराचसा निकाल त्या फोटोच्या चार-पाच वर्षं आधीच लागलेला असतो, तोही सरकारी कागदावर. तो कागद कसा वाचायचा, यासाठी ही प्रश्नोत्तरं.

जाळं तर खासगी कंपन्या उभारतात. मग सरकारचा संबंध येतो कुठे?

हवेतल्या लहरींपाशी. एकाच ठिकाणी, एकाच लहरीवर दोघं बोलायला लागले की दोघांचंही ऐकू येत नाही. म्हणून कुठली लहर कुणी, कुठे आणि किती जोरात वापरायची हे ठरवणारा कुणीतरी लागतो, आणि जवळपास सगळ्या देशांत हा अधिकार सरकारनं किंवा सरकारनं नेमलेल्या नियामकानं स्वतःकडे ठेवला आहे. कंपनी टॉवर, अँटेना, फायबर हे सगळं विकत घेऊ शकते. लहर मात्र तिला मुदतीच्या परवान्यावरच मिळते.

बाकीच्या भूमिका त्यानंतर येतात. रस्ता खणायची परवानगी, टॉवरची जागा, उपकरणं कुणाकडून घ्यायची, किरणोत्सर्गाची मर्यादा, कंपन्यांच्या विलीनीकरणाला होकार की नकार, जिथे धंदा परवडत नाही तिथे पैसे कोण घालणार, हे सगळं त्यात आलं. तरी सरकारच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे परवाना आणि त्यात लिहिलेल्या अटी, असं माझं मत आहे. अनुदानाच्या घोषणा त्यापुढे किरकोळ असतात.

सगळा स्पेक्ट्रम, म्हणजे या लहरींचा साठा, सारखाच असतो का?

मुळीच नाही, आणि इथेच बहुतेक चर्चा भरकटतात. लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते ते मेगाहर्ट्झ, गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४३ सेंटिमीटर असते. ती दूर जाते, भिंतीतून आत शिरते, एका टॉवरवर मोठा टापू सांभाळते. पण तिच्यात जागा कमी, त्यामुळे वेग बेताचा. ३.५ गिगाहर्ट्झची लहर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. जगभरातलं बहुतेक ५जी याच पट्ट्यावर चालतं, कारण पोच आणि वेग दोन्ही बऱ्यापैकी मिळतात. २६ गिगाहर्ट्झची लहर सव्वा सेंटिमीटरहूनही कमी. वेग प्रचंड, पण झाडाची पानं मध्ये आली तरी ती अडखळते.

म्हणून ‘सरकारनं इतका स्पेक्ट्रम दिला’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कुठल्या पट्ट्यातला, ते आधी विचारायचं.

कुठल्या लहरी मोबाइलला द्यायच्या, हे प्रत्येक सरकार आपापलं ठरवतं का?

शेवटचा शब्द त्या-त्या देशाचा, पण आखणी एकत्र होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही संस्था १८६५ मध्ये तारायंत्रांसाठी पॅरिसला स्थापन झाली आणि आज ती संयुक्त राष्ट्रांचा भाग आहे. दर तीन-चार वर्षांनी तिची जागतिक रेडिओ परिषद भरते. २०१९ मध्ये शर्म अल शेखला २६ गिगाहर्ट्झसारखे उंच पट्टे मोबाइलसाठी निश्चित झाले, २०२३ मध्ये दुबईत ६ गिगाहर्ट्झच्या वरच्या भागावर घासाघीस झाली, आणि पुढची परिषद २०२७ मध्ये शांघायला आहे.

एवढी खटपट कशासाठी, तर हँडसेटसाठी. दहा देशांनी दहा वेगळे पट्टे निवडले तर प्रत्येकासाठी वेगळा फोन बनवावा लागेल. युरोपनं १९८७ मध्ये ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा जीएसएमसाठी, म्हणजे २जी मोबाइलच्या तंत्रज्ञानासाठी, सामायिक राखून ठेवला, आणि १९९१ मध्ये फिनलंडमध्ये जीएसएमचा पहिला कॉल लागला. ते तंत्रज्ञान जगभर पसरलं त्यात अभियंत्यांच्या हुशारीइतकाच त्या सरकारी एकमताचाही वाटा होता.

त्या पट्ट्यात आधीच कुणी बसलेलं असेल तर?

जवळपास नेहमीच बसलेलं असतं. टीव्ही, उपग्रह, लष्कर, हवामान रडार, विमानं. रिकामी लहर अशी आता उरलेलीच नाही. त्यामुळे सरकारचं अर्धं काम घर रिकामं करून घेण्याचं असतं, आणि जुना भाडेकरू उठवणं किती कटकटीचं असतं हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेनं यातून एक वेगळी वाट काढली. तिथे २०१६-१७ मध्ये दुहेरी लिलाव झाला. एका बाजूला टीव्ही केंद्रांना विचारलं की लहर सोडायला किती घ्याल, दुसऱ्या बाजूला मोबाइल कंपन्यांना विचारलं की किती द्याल. १७५ केंद्रांना मिळून सुमारे १० अब्ज डॉलर मिळाले, कंपन्यांनी १९.८ अब्ज मोजले, मधला फरक मुख्यतः सरकारी तिजोरीत गेला.

त्याच देशात पुढचं प्रकरण मात्र फसता फसता वाचलं. ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झचा पट्टा २०२१ च्या सुरुवातीला ८१ अब्ज डॉलरला विकला गेला. याच्या थोडं वर, ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झमध्ये, विमानांचे रेडिओ उंचीमापक चालतात. विमानाच्या पोटाखालून लहर जमिनीवर जाते, आपटून परत येते आणि त्या वेळेवरून जमीन किती खाली आहे हे कळतं. धुक्यात धावपट्टी दिसत नसताना वैमानिकाचा भरवसा त्याच आकड्यावर. दूरसंचार नियामक म्हणाला, मध्ये २२० मेगाहर्ट्झची मोकळी जागा आहे, पुरेशी आहे. विमान वाहतुकीचं प्रशासन म्हणालं, जुन्या मापकांचे फिल्टर एवढे चोख नाहीत, ते शेजारचाही आवाज ऐकतात. एकाच सरकारची ही दोन खाती, आणि वाद मिटला नाही तोवर पैसे भरून झालेले! सेवा सुरू व्हायची तारीख डिसेंबर २०२१ वरून दोनदा पुढे गेली. १९ जानेवारी २०२२ ला ती विमानतळांच्या आसपासचा भाग वगळून सुरू झाली, तरी त्या दिवशी एअर इंडिया, एमिरेट्ससह अनेक परदेशी कंपन्यांनी अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली. पुढे विमानांमध्ये नवे फिल्टर बसले आणि प्रश्न सुटला. लिलावाआधी दोन्ही खाती एका टेबलाशी बसली असती तर हा दीड महिना वाचला असता.

लिलावच का? लायक कंपनीला सरळ वाटून का देत नाहीत?

आधी तसंच करत. अर्ज मागवायचे, समितीनं गुण द्यायचे, निवड करायची. यात वेळ जातो, वशिल्याला वाव राहतो आणि हरलेला कोर्टात जातो. यावर उपाय म्हणून अमेरिकेनं १९८० च्या दशकात चक्क चिठ्ठ्या टाकल्या. अर्जांचा पाऊस पडला. मोबाइलशी काडीचा संबंध नसलेले लोक नशीब अजमावायला आले, आणि केप कॉड या भागाचा परवाना लागला दंतवैद्यांच्या एका गटाला. त्यांनी तो ४.१ कोटी डॉलरला विकून टाकला. म्हणजे लहरीची किंमत बाजारानं वसूल केलीच, फक्त ती सरकारऐवजी दातांच्या डॉक्टरांना मिळाली.

लहरी सरळ विकाव्यात, हे अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं, तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही. १९९४ मध्ये अमेरिकेनं पहिला फेऱ्यांचा लिलाव केला. त्याची रचना करणाऱ्यांपैकी पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

या फेऱ्यांमध्ये नेमकं होतं काय?

हातोडा आपटणारा माणूस डोळ्यांसमोर आणू नका. कंपनीची चार माणसं एका बंद खोलीत संगणकासमोर बसलेली असतात. फेरी सुरू होते तेव्हा प्रत्येक विभागातल्या, प्रत्येक पट्ट्यातल्या तुकड्याचा भाव पडद्यावर असतो. या भावाला तुम्हाला किती तुकडे हवेत, एवढंच सांगायचं. समजा तुकडे दहा आणि मागणी बाराची, तर पुढच्या फेरीत भाव काही टक्क्यांनी चढतो. मागणी दहावर येईपर्यंत असंच चालतं. सगळे विभाग एकदम खुले असतात, त्यामुळे एका ठिकाणी महागलं की कंपनी दुसरीकडे सरकते. गप्प बसून शेवटी उडी मारायची सोय नसते. फेरीत पुरेशी बोली लावली नाही, तर पुढे बोली लावायचा हक्कच कमी होतो. जर्मनीत २०१९ चा ५जी लिलाव ४९७ फेऱ्या चालला, तब्बल १२ आठवडे.

लिलावात सरकारला जितके जास्त पैसे, तितकं जनतेचं भलं. बरोबर ना?

हा प्रश्न जितका सरळ वाटतो तितका नाही. २००० साली ब्रिटनमध्ये ३जीचा लिलाव १५० फेऱ्यांनंतर २२.५ अब्ज पौंडांवर थांबला. काही महिन्यांनी जर्मनीत ५० अब्ज युरोंचा टप्पा ओलांडला गेला. दोन्ही सरकारं खूश. त्यानंतर इंटरनेटचा फुगा फुटला, कंपन्या कर्जात बुडाल्या आणि जर्मनीतल्या सहा विजेत्यांपैकी दोघांनी ३जीचं जाळं कधी चालवलंच नाही. याउलट फिनलंडनं १९९९ मध्ये ३जीचे परवाने फुकट वाटले होते. म्हणून फिनलंडमध्ये ३जी झपाट्यानं आलं म्हणावं, तर तसंही झालं नाही. हँडसेटच वेळेवर तयार नव्हते. तेव्हा ‘लिलावानं वाटोळं केलं’ ही सोपी गोष्टही पूर्ण खरी नाही.

अर्थशास्त्राच्या पुस्तकानुसार लिलावात गेलेला पैसा हा गेलेला पैसा. त्याचा पुढच्या टॉवरच्या निर्णयावर परिणाम व्हायला नको, कारण टॉवर फायद्याचा असेल तर कंपनी तो उभारणारच. पण कंपनीला कर्ज देणारी बँक हे पुस्तक वाचत नाही. ताळेबंदावर बोजा असला की पहिली कात्री लागते ती दूरच्या, कमी वस्तीच्या टॉवरला.

याहून नेहमीची चूक दुसरीच असते. सरकार राखीव किंमत, म्हणजे जिथून बोली सुरू होते तो आकडा, फार वर ठेवतं. भारतात ७०० मेगाहर्ट्झचं असंच झालं. २०१६ मध्ये देशभरासाठी प्रति मेगाहर्ट्झ राखीव किंमत होती ११,४८५ कोटी रुपये. कुणीही हात लावला नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटी झाली, तरी कुणी नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आली तेव्हा एका कंपनीनं देशभर १० मेगाहर्ट्झ घेतले. खेड्यापाड्यांत पोचायला जी लहर सगळ्यात उपयोगी, तीच सहा वर्षं पडून राहिली. न वापरलेली लहर साठवून ठेवता येत नाही. गाडी सुटल्यावर रिकाम्या राहिलेल्या बाकाचं तिकीट नंतर कुणाला विकणार?

पैशांऐवजी सरकार दुसरं काही मागू शकतं का?

मागू शकतं, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात रंजक वाटतो. फ्रान्सनं जानेवारी २०१८ मध्ये कंपन्यांशी सौदा केला. संपत आलेल्या परवान्यांचा पुन्हा लिलाव करणार नाही, मुदत वाढवून देतो, त्या बदल्यात जाळं पसरवा. प्रत्येक कंपनीनं ५,००० नव्या जागी सेवा द्यायची. त्या जागा कुठल्या, हे कंपनीनं ठरवायचं नाही. स्थानिक प्रशासन बोट ठेवणार, मंत्रालय यादी काढणार आणि यादी निघाल्यापासून २४ महिन्यांत तिथे सिग्नल आला पाहिजे. चारही कंपन्यांनी मिळून सुमारे ३ अब्ज युरोंची गुंतवणूक कबूल केली. तिजोरीत रक्कम कमी आली, पण डोंगरातल्या गावाचं नाव एका सरकारी यादीत तारखेसकट आलं. जर्मनीनंही २०२५ मध्ये काही परवान्यांची मुदत लिलावाविना वाढवली आणि २०३० पासून देशाच्या ९९.५ टक्के भूभागावर ५० मेगाबिटचा वेग देण्याची अट घातली.

जपाननं तर ५जीचं पहिलं वाटप लिलावानं केलंच नाही. एप्रिल २०१९ मध्ये ते करताना देशाच्या नकाशावर १० किलोमीटरचे चौकोन आखले. वापरात येण्याजोगे असे सुमारे ४,५०० चौकोन निघाले. पाच वर्षांत त्यातल्या निम्म्या चौकोनांत तरी मुख्य बेस स्टेशन, म्हणजे फोनशी संपर्क ठेवणारं केंद्र, हवं, ही अट. चौकोनात शहर आहे की शेतं, याच्याशी नकाशाला देणंघेणं नाही.

‘लोकसंख्येच्या ९९ टक्के’ ही अट पुरेशी नाही का?

लोक जिथे राहतात तिथे पुरेशी आहे. पण लोक घरात बसून राहत नाहीत. घाटातला रस्ता, रेल्वेमार्ग, शेत, जंगल, किनारा यांची लोकसंख्या शून्य. अपघात मात्र तिथेच होतात. ९९ टक्के लोकसंख्येला सिग्नल मिळत असतानाही देशाचा मोठा भूभाग मुका राहू शकतो. ब्रिटननं हे ओळखून मार्च २०२० मध्ये कंपन्यांशी करार केला तो भूभागाच्या टक्क्यांवर. २०२५ अखेर ९५ टक्के भूभागावर निदान एका कंपनीचं ४जी हवं. खर्च सुमारे १ अब्ज पौंड, अर्धा कंपन्यांचा, अर्धा सरकारचा. जिथे कुणाचाच सिग्नल नव्हता तिथे सरकारचे पैसे, आणि जिथे एकाचाच होता तिथे बाकीच्यांनी आपसांत टॉवर वाटून घ्यायचे.

अटी पाळल्या नाहीत तर सरकार खरंच काही करतं?

बहुतेकदा मुदतवाढ देतं. दक्षिण कोरियानं केलं ते अपवादात्मक. तिथे २०१८ मध्ये तीन कंपन्यांनी २८ गिगाहर्ट्झचा पट्टा घेतला होता, प्रत्येकी १५,००० उपकरणं बसवायच्या अटीवर. कंपन्यांना त्या पट्ट्यात धंदा दिसेना, काम अटीच्या जवळपासही गेलं नाही. सरकारनं २०२२ च्या अखेरीस दोघांचं आणि मे २०२३ मध्ये तिसऱ्याचं वाटप रद्द केलं. पुढचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. तोच पट्टा २०२४ च्या सुरुवातीला एका नव्या कंपनीनं लिलावात जिंकला, आणि त्याच वर्षी ठरलेलं भांडवल न उभारल्यानं तिचीही निवड रद्द झाली. अट कडक होती, अंमलबजावणीही कडक होती, फक्त त्या पट्ट्याला गिऱ्हाईक आहे का, हे कुणी नीट पाहिलं नव्हतं.

टॉवरच्या आणि खोदाईच्या परवानग्या इतक्या का रखडतात?

एक दिव्याचा खांब घ्या. त्यावर छोट्या बॅगेएवढं ५जी यंत्र बसवायचंय. खांब नगरपालिकेच्या विद्युत विभागाचा. यंत्राला लागणारी वीज वीज कंपनीची, तिचा मीटर वेगळा. खांबापर्यंत फायबर आणायला पदपथ खणायचा, तो रस्ते विभागाचा. शेजारी जुनी वास्तू असेल तर तिच्या खात्याचं आणखी एक ना-हरकत प्रमाणपत्र. पावसाळ्यात खोदाई बंद. चारही टेबलांवर फाइल फिरून येईपर्यंत पहिल्या टेबलावरच्या परवानगीची मुदत संपलेली!

हे नियम ४० मीटर उंच टॉवरसाठी लिहिलेले होते. असा टॉवर गावात एखाददुसरा, त्यामुळे फाइल वर्षभर फिरली तरी चालून जाई. उंच लहरींवरच्या छोट्या यंत्राची पोच शे-दोनशे मीटर, म्हणजे एका शहराला हजारो खांब आणि हजारो फाइली.

अमेरिकेच्या नियामकानं सप्टेंबर २०१८ मध्ये घड्याळ लावलं. असलेल्या खांबावर यंत्र बसवायचा अर्ज ६० दिवसांत निकाली, नवा खांब असेल तर ९० दिवस. एका यंत्रासाठी वर्षाला २७० डॉलरपर्यंतचं शुल्क वाजवी धरलं जाईल. शहरांना हे रुचलं नाही, खांब आमचे आणि भाव तुम्ही ठरवणार, म्हणत ती कोर्टात गेली. २०२० मध्ये अपील न्यायालयानं मुदती आणि शुल्काचा भाग कायम ठेवला, शहरांनी सौंदर्याच्या कारणावरून घालायच्या अटींवर नियामकानं आणलेले काही निर्बंध मात्र रद्द केले. शहरांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण माझ्या मते सरकारला सगळ्यात कमी पैशांत करता येण्याजोगं काम हेच आहे. एक खिडकी, एक शुल्क, एक तारीख.

सरकारनं स्वतःच एक जाळं उभारून सगळ्या कंपन्यांना भाड्यानं का देऊ नये?

कागदावर कल्पना छान आहे, तीन-तीन टॉवर शेजारी शेजारी कशाला? मेक्सिकोनं ७०० मेगाहर्ट्झचा मोठा पट्टा एकाच घाऊक जाळ्याला दिला, सेवा २०१८ मध्ये सुरू झाली. पण मोठ्या कंपन्यांकडे स्वतःची जाळी होतीच, त्या भाडेकरू म्हणून फिरकल्या नाहीत. २०२१ मध्ये ते जाळं दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं आणि पुढच्या वर्षी सरकारनंच त्याचा ताबा घेतला. मलेशियानं २०२१ मध्ये ५जीसाठी अशीच एकमेव सरकारी कंपनी काढली. जाळं वेगानं पसरलं हे मान्य करायला हवं, पण कंपन्यांशी वाटाघाटी लांबल्या, आणि २०२३ मध्ये सरकारनं दुसऱ्या जाळ्यालाही परवानगी द्यायचं ठरवलं.

चीननं मधला मार्ग काढला. तिथल्या तीन सरकारी कंपन्यांनी २०१४ मध्ये टॉवरपुरती सामायिक कंपनी काढली. टॉवर एक, अँटेना आपापल्या. ५जीच्या वेळी तर दोघांनी जाळंच वाटून घेतलं. २०२४ च्या अखेरीस तिथली ५जी बेस स्टेशन ४० लाखांच्या पुढे होती. मात्र सगळे भिडू सरकारीच असले की ‘वाटून घ्या’ म्हणणं सोपं जातं, हे विसरू नये.

उपकरणं कुणाची, यात सरकारनं का पडावं?

कारण जाळ्याचा मेंदू ज्याच्या हातात, त्याला बरंच काही दिसतं आणि थांबवताही येतं. ऑस्ट्रेलियानं ऑगस्ट २०१८ मध्ये चिनी पुरवठादारांना ५जीपासून दूर ठेवलं. ब्रिटननं जानेवारी २०२० मध्ये हुआवे या चिनी कंपनीच्या वाट्यावर ३५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि सहाच महिन्यांत निर्णय फिरवला. २०२७ अखेर ५जीतून तिची सगळी उपकरणं काढायची. असा निर्णय उशिरा घेतला की दुप्पट महाग पडतो, आधी बसवण्याचा खर्च आणि मग काढण्याचा. अमेरिकेत छोट्या ग्रामीण कंपन्यांची अशी उपकरणं बदलायला डिसेंबर २०२० मध्ये १.९ अब्ज डॉलर मंजूर झाले. ते पुरले नाहीत, आणि उरलेले ३ अब्जांहून जास्त मंजूर व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. तोवर अनेक कंपन्या अर्धवट खोललेल्या जाळ्यावर सेवा देत होत्या.

किरणोत्सर्गाची मर्यादा कोण ठरवतं?

सरकारच, बहुतेक ठिकाणी आयसीएनआयआरपी या स्वतंत्र वैज्ञानिक मंडळाच्या शिफारशींवरून. २०२० मध्ये त्या ताज्या झाल्या आणि उंच ५जी लहरीही त्यात आल्या. या लहरींमध्ये अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते. सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊती तापणं, आणि मर्यादा त्या पातळीच्या बऱ्याच खाली ठेवलेली असते. काही सरकारं याहून कडक राहिली. ब्रसेल्समध्ये २०१९ साली ५जीची चाचणी याच कारणानं थांबली. इटलीत मर्यादा ६ व्होल्ट प्रति मीटर होती, शिफारस साधारण ६१ ची. जुन्या २जी-४जी अँटेनांनीच ती भरून जाई, नवी अँटेना लावायला वाव उरत नसे, आणि मग जास्त जागी टॉवर उभारावे लागत. एप्रिल २०२४ पासून इटलीनं ती १५ केली.

जाहिरातीतला वेग खरा असतो का?

५जीच्या जागतिक निकषात २० गिगाबिटचा आकडा आहे, पण तो आदर्श परिस्थितीतला, तोही संपूर्ण अँटेनाचा. दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगानं मे २०२३ मध्ये तिन्ही कंपन्यांना फुगवलेल्या वेगाच्या जाहिरातींसाठी ३३.६ अब्ज वॉनचा दंड केला.

पहिलं ५जी कुणाचं?

दक्षिण कोरियाचं, ३ एप्रिल २०१९, रात्री अकरा वाजता. अमेरिकी कंपनी पुढे जाईल या धास्तीनं ठरलेल्या दिवसाआधीच, मोजक्या नामवंतांच्या फोनवर. सामान्य ग्राहकांची पाळी दोन दिवसांनी आली.

कारखान्याला, बंदराला स्वतःचं जाळं काढता येतं का?

सरकारनं लहर राखून ठेवली असेल तर येतं. जर्मनीनं ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झ लिलावातून बाहेर काढून अशा स्थानिक परवान्यांसाठी ठेवले. मोबाइल कंपन्या यावर नाराज होत्या, कारण मोठ्या लिलावातला माल कमी झाला आणि भाव चढला.

जुनं जाळं बंद करणं हा तर कंपनीचा निर्णय. सरकारनं लक्ष का घालावं?

ऑस्ट्रेलियात ३जी बंद होताना काय झालं ते पाहा. तिथे असे फोन निघाले की ज्यांच्यावर ४जी इंटरनेट झकास चालतं, पण आपत्कालीन ००० क्रमांक लावला की फोन गुपचूप ३जीवर उतरतो. मालकाला याचा पत्ता नाही, फोनवर ४जीचंच चिन्ह. ३जी गेल्यावर हा फोन नेमका अपघाताच्या वेळी मुका झाला असता. बंदची तारीख २८ ऑक्टोबर २०२४ पर्यंत पुढे गेली, आणि आपत्कालीन कॉल लागू न शकणाऱ्या फोनला सेवाच देऊ नका असा नियम आला. लोक वैतागले, चालू फोन का बंद करता म्हणून. पण तो एक कॉल लागणार नसेल, तर तो फोन चालू आहे असं म्हणता येत नाही.

६जीसाठी सरकारं आत्ता काय करताहेत?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २०२३ मध्ये त्याची चौकट ठरवली आणि नाव दिलं आयएमटी-२०३०. लहरींचा वाद २०२७ च्या शांघाय परिषदेत रंगेल.

माझ्या भागात सिग्नल येत नाही. सरकारकडे नेमकं काय मागायचं?

‘टॉवर द्या’ एवढंच लिहिलेला अर्ज फिरत राहतो. त्याऐवजी परवान्यातल्या अटीचा कागद मागा. तो बहुतेक देशांत नियामकाच्या संकेतस्थळावर असतो, नसेल तर माहिती मागवायचा हक्क वापरा. त्यात चार गोष्टी शोधा. अट लोकसंख्येवर आहे की भूभागावर. मोजमाप कुठल्या पातळीवर, गावाच्या, जिल्ह्याच्या की अख्ख्या विभागाच्या, कारण विभागाची सरासरी शहरं भरून काढतात आणि तुमचं गाव त्यात बुडून जातं. सिग्नल घराबाहेर मोजायचा आहे की घरात. आणि मुदत कुठल्या तारखेला संपते. त्यानंतर कंपनीनं नियामकाला दिलेल्या नकाशात तुमचं ठिकाण कुठल्या रंगात आहे ते पाहा. नकाशात सिग्नल आहे आणि फोनवर नाही, असं निघालं तर तारीख, वेळ, ठिकाण आणि फोनच्या पडद्याचा फोटो जोडून तेवढ्यापुरतीच तक्रार करा. टॉवर नाही या तक्रारीला ‘नियोजनात आहे’ असं उत्तर देता येतं. नकाशा चुकीचा आहे म्हटल्यावर कुणाला तरी मोजायचं यंत्र घेऊन तिथे यावं लागतं.